शहापूर शाखेचं अंगण

मेलेल्या उंदराचा फोटो मला ‘भरघोस मार्ट स्टाफ’ या ग्रुपवर टाकायचा होता. मी टाकला ‘भरघोस शहापूर, आजच्या ऑफर’ या ग्रुपवर. तिथे आमची तीनशे ऐंशी गिऱ्हाइकं होती. वर मीच टाकलेली सकाळची जाहिरात होती, ‘ताजा माल आला आहे, लवकर या.’ तिच्या खाली उंदीर, शेपटीसकट, तांदळाच्या पोत्याला टेकून. पहिलं उत्तर दीड मिनिटात आलं, ‘भाव काय?’ घाबरून मी फोटो डिलीट केला, तोही फक्त माझ्या मोबाइलमधून. मला दिसेनासा झाला म्हणजे जगाला दिसेनासा झाला, असं समजून मी शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला बसलो. दुपारपर्यंत तो उंदीर भंडारा, लाखनी करत नागपूरच्या हेड ऑफिसात पोचला. जिवंतपणी बिचारा तांदळाच्या रॅकपलीकडे गेला नसेल.

तो फोटो मला शकुंतलाबाईने काढायला लावला होता. शकुंतलाबाई मारबते म्हणजे आमच्या शाखेची सफाईवाली. माहेर अड्याळचं, घर ढिवराचं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तिचं शहापूरच्या तुलारामशी लग्न झालं. तुलाराम तलावात जाळं टाकायचा आणि ही टोपलं डोक्यावर घेऊन दारोदार मासोळी विकायची. अशी बावीस वर्षं गेली. टोपल्यातलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि तिथेच वाळायचं. लग्नाकार्यात बाया तिच्याशेजारी बसताना पदर नाकाला लावत आणि वर म्हणत, सर्दी झाली आहे. मग गावात भरघोस मार्ट उघडलं. सफाईला बाई पाहिजे, साडेसहा हजार पगार, डोक्यावर पंखा. ही पहिल्या दिवशी दोनदा आंघोळ करून आली. शाखेचे इन्चार्ज धनीरामजी कटकवार काउंटरमागूनच म्हणाले, “बाई, हात दाखव.”

“कायले जी?”

“वास येते का पाहू दे.”

तिने हात पुढे केले. धनीरामजींनी वाकून वास घेतला. पुढचा आठवडाभर हा कार्यक्रम रोज सकाळी नऊला होत असे, अगरबत्ती लावून झाली की लगेच. तिने कधी हात मागे घेतले नाहीत. मला म्हणाली होती, “हुंगू दे बाबू. हुंगून पगार देऊन राहिला ना.” गावात तिला आता ‘मासोळीवाली’ कोणी म्हणत नव्हतं, ‘मार्टातली बाई’ म्हणत. तुलाराम घरी चिडवायचा, “पगारवाली आली, उठा.” तिला ते आवडायचं.

आता आमच्या मार्टाबद्दल. जिल्ह्यात भरघोसच्या चार शाखा: भंडाऱ्यात खात रोडला, लाखनीला, अड्याळला आणि शहापूरला. पाटी सगळीकडे तीच, हिरवी. साबणाची वडी तिथेही अठ्ठावीसची, इथेही अठ्ठावीसची. बाकी सगळं वेगळं. खात रोडला डॉक्टर, वकील, कलेक्टर ऑफिसातले लोक येतात, म्हणून तिथे तीन सफाईवाल्या, करडा युनिफॉर्म, फरशी पुसायचं मशीन आणि लिंबाच्या वासाचं फिनाइल. ते मशीन जुनं झालं की लाखनीला जातं. फरशी पुसायचा मॉप अर्धा झडला की अड्याळला जातो. दांडा उरला की शहापूरला येतो, आम्ही त्याला फडकं बांधतो. फिनाइलही तसंच, आमच्यापर्यंत येईतो त्याला फक्त रंग उरतो. शकुंतलाबाई एकटी, दुकान अठराशे फुटांचं, समोर हायवे आणि हायवेवर ट्रक. दुकानापुढची जागा कंपनीने कच्चीच ठेवली होती. दर ट्रकामागे तिथली माती उठायची, दारातून आत यायची आणि डाळींपासून पावडरच्या डब्यांपर्यंत सगळ्यांवर बसायची. ती मागच्या टोकाला पुसत पोचायची तेव्हा पुढचं टोक पुन्हा तयार असायचं.

तर, उंदीर नागपूरला पोचला. संध्याकाळी खानझोडे साहेबांचा फोन आला. चारी शाखांच्या स्वच्छतेचे साहेब. धनीरामजींनी फोन स्पीकरवर ठेवला, म्हणजे शिव्या सगळ्यांत वाटल्या जातील.

“शहापुरात सफाई कोण बघतं?”

“बाई आहे एक, साहेब.”

“आणि फोटो कोणी टाकला?”

धनीरामजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगदाण्यांकडे पाहिलं. शकुंतलाबाई मधेच बोलली, “मीनंच सांगतलं जी फोटो काढाले. तीन महिने झाले, पिंजरा मांगून राहिली.”

“म्हणजे तीन महिने दुकानात उंदीर आहेत?”

“हो जी.”

“आणि तू पगार घेऊन राहिली?”

मला वाटलं, साहेब दुसऱ्यांदा विचारतील की फोटो टाकला कोणी, तेव्हा सांगू. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

साहेबांनी निकाल दिला. येत्या मंगळवारी ते स्वतः तपासणीला येणार. शंभर गुणांचा तक्ता असतो. मागच्या वेळी खात रोडला चौऱ्याण्णव होते, लाखनीला बहात्तर, अड्याळला एकसष्ट, आम्हाला एकेचाळीस. मी स्वतः कॉलेजात एवढ्या गुणांवर पेढे वाटले होते. “पंच्याहत्तरच्या खाली आले तर बाई बदला,” साहेब म्हणाले. मशीन बदला, मॉप बदला असं ते म्हणाले नाहीत.

फोन ठेवल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “बाबू, मले टोपलं पुन्हा डोक्यावर नाई घ्याचं. तू शिकलेला हायेस. चौऱ्यान्नव कसे भेटते, सांग.”

शिकलेला म्हणजे लाखनीहून बी.कॉम. मी म्हणालो, “मावशी, चौऱ्याण्णववाल्यांनाच विचारू.”

गुरुवारी मला रिकामे क्रेट मोजायला खात रोडला जायचं होतं. ती नवी साडी नेसून माझ्या गाडीवर मागे बसली. तिथल्या गार्डाने माझ्याकडे पाहिलं, तिच्या साडीकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, “सफाईवाले मागून.” नवी साडी नेसून ती कचऱ्याच्या डब्यांमधून आत आली. आत रुखमा नावाची बाई मशीन ढकलत होती. खरं म्हणजे मशीनच तिला ओढत होतं.

“हे तं आपल्यानंच चालते,” शकुंतलाबाई म्हणाली.

“चालते ना. मी मागं मागं फिरतो.” रुखमा हसली. “अना कचरा येतेच कोठून अठी? डॉक्टरीनबाई कारमधून उतरते तं थेट दुकानात. पाय मातीले लागतच नाई.”

शकुंतलाबाई फरशीकडे पाहत नव्हती. ती दारातून बाहेर गेली, पुढच्या, गिऱ्हाइकांच्या दारातून. गार्ड ओरडला. तिने खाली बसून पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर तळहात घासला आणि उलटा करून पाहिला. स्वच्छ. मला दाखवला.

“गोम अठी हाये, बाबू. थे पुसत नाई, तेह्यच्या इथं माती येतच नाई.”

परत आल्यावर तिने धनीरामजींना पेव्हर मागितले.

“पेव्हर मांगते! उद्या एसी मांगशीन.”

“खात रोडले देल्ले ना जी.”

“खात रोडचं गिऱ्हाईक काजू घेते. तुयं गिऱ्हाईक पाव किलो साखर.”

“मंग साखरेवर माती बसली तं चालते काय?”

“चालते,” धनीरामजी म्हणाले. “चालूनच राहिलं ना.”

शुक्रवारी सकाळी मी शटर उघडायला आलो तर ती दुकानापुढे फावडं घेऊन उभी. जमीन सारखी करून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून झाली होती. तुलारामलाही कामाला लावलं होतं. तो पगारवालीचा हुकूम म्हणत पाणी आणत होता. मागच्या गोठ्यातलं शेण, राइस मिलमधला धानाचा कोंडा आणि थोडी चिकण माती, असं तिने घमेल्यात कालवलं आणि गुडघ्यांवर बसून हाताने सारवत गेली, शटरपासून हायवेच्या नालीपर्यंत. शनिवारी दुसरा हात दिला. दुसऱ्या हाताला तिने बोटांच्या कमानी काढल्या, एकीत एक, एकीत एक. रविवारी ते वाळून कडक झालं.

धनीरामजी रविवारी आले आणि कडेलाच थबकले. “हे काय केलं?”

“आंगन केलं जी.”

ते काही बोलणार तेवढ्यात एक ट्रक गेला. आम्ही तिघांनी सवयीने तोंड फिरवलं. काहीच उडालं नाही. धनीरामजींनी चपला काढल्या, कडेला ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ताज्या सारवणाच्या अंगणात चपलेने जायचं नाही, हे आमच्याकडे पायांनाच माहीत असतं.

त्यांच्यानंतर निर्मलाबाई आल्या, रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांनीही चपला काढल्या. मग पुढच्याने त्यांच्या चपला पाहिल्या आणि आपल्या काढल्या. दुपारपर्यंत शटरच्या बाजूला तीस जोड लागले. सप्ताहाचं जेवण असल्यासारखं. एक ट्रक ड्रायव्हर बुटासकट निघाला तर आतली गिऱ्हाइकंच ओरडली, “ओ भाऊ, आंगन दिसत नाई काय?” बिचाऱ्याने लेस सोडले, भोकं पडलेल्या मोज्यांवर आत जाऊन बिडीबंडल घेतलं आणि पुन्हा लेस बांधत बसला.

संध्याकाळी शकुंतलाबाईने मला पुसायची बादली दाखवायला बोलावलं. “पाह्य बाबू, पानी पाह्य.” अख्खं दुकान पुसून पाणी तसंच होतं. बादलीचा तळ दिसत होता. पिंजराही तिने स्वतःच्या घरून आणला होता. त्यात सोमवारपर्यंत तीन उंदीर सापडले. त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

तपासणीचा तक्ता मी आणि धनीरामजींनी मिळून वाचला होता. मीच त्याची प्रिंट काढली होती. त्यात सातवा मुद्दा ठळक होता: प्रवेशद्वारापासून पंधरा मीटरच्या आत प्राण्यांची विष्ठा आढळल्यास गंभीर दोष, एकूण गुण शून्य. धनीरामजींनी त्याखाली पेनाने दोन रेघा मारल्या आणि मला बजावलं, “अनुप, हे लक्षात ठेव. कुत्र्यानं घाण केली तं बाईची नोकरी जाईन.” म्हणून मी दोन दिवस हातात काठी घेऊन त्या सारवलेल्या अंगणात उभा राहून कुत्री हाकलली. एका बकरीच्या मागे तर नालीपर्यंत धावलो. पायाखाली काय आहे हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. विष्ठा म्हणजे कुत्र्याची, मांजराची. शेण म्हणजे शेण.

मंगळवारी पहाटे तिने शेवटचा हात दिला, पातळ, ताजा. अकराला खानझोडे साहेबांची पांढरी गाडी थेट अंगणात आली. साहेबांनी पाय खाली ठेवला आणि बुटाकडे पाहिलं.

“हे काय आहे?”

“सारवन आहे, साहेब.” धनीरामजींनी छाती पुढे काढून सांगितलं. “आपल्या शाखेनं स्वतःहून केलं.”

“कशाचं?”

“शेनाचं.”

साहेबांनी हातातला तक्ता उघडला, एक पान उलटलं आणि धनीरामजींकडे पाहिलं. धनीरामजींची छाती मागे गेली. “बाईनं केलं, साहेब. मी म्हटलं होतं तिले.”

काय म्हटलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. साहेब बूट न काढता आत गेले. प्रत्येक पावलाचा हिरवट ठसा फरशीवर उठत होता, डाळींपासून बिस्किटांपर्यंत. मागून शकुंतलाबाई वाकून एकेक ठसा पुसत होती. तेवढं सोडलं तर दुकानात पुसण्यासारखं काही नव्हतं. साहेबांनी रॅकवरून बोट फिरवलं, फ्रीजरचं रबर ओढून पाहिलं, तांदळाची पोती हलवली, काच उजेडात तिरकी पाहिली. प्रत्येक ठिकाणी आकडा लिहिला. ती शिकलेली नव्हती, पण बाजारात बसलेली होती. साहेबांच्या कोपरामागून ती आकडे जोडत होती.

“अठ्ठ्याऐंशी झाले ना जी?”

“झाले होते,” साहेब म्हणाले. मग त्यांनी सातव्या मुद्द्यावर फुली मारली आणि खाली गोल काढला. शून्य.

“काहून जी?”

“दाराशी विष्ठा आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी कुत्रं हाकलायला चुकलो. “कोठी? मी तं आत्ताच पाह्यलं.”

“हे सगळं काय आहे मग?” साहेबांनी पेनाने बाहेर दाखवलं.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मलाही लागला, खोटं कशाला बोलू. “शेन होय जी थे,” ती म्हणाली. “घान नोहे. तुमच्या घरी सारवत नाई काय?”

“माझ्या घरी टाइल्स आहेत.”

ती वळली, पूजेच्या रॅककडे गेली आणि एक पाकीट घेऊन आली. ‘पवित्र कंडे, बारा नग, ऐंशी रुपये.’ आतल्या गोवऱ्या बशीएवढ्या, गोल, प्लास्टिकमध्ये चकाकत होत्या. “मंग साहेब, हे काय होय? हे तं दुकानाच्या आतमंदी हाये.”

काउंटरवर उभ्या दोन बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, पाठीमागच्या काळ्या रेघांवर बोट ठेवलं. “हे पॅक आहे. याला बारकोड आहे.” मग पाकीट रॅकमध्ये जागेवर ठेवलं आणि नाव समोर येईल असं सरळ केलं.

धनीरामजी म्हणाले, “बाई, साहेबांशी वाद नको घालू.”

“वाद नाई जी. अठ्ठ्याऐंशी हाये म्हनून राहिली फक्त.”

साहेब मला म्हणाले, “तू ऑनलाइन बघतोस ना? बाहेरचे फोटो काढ. शेणाचा एक, चपलांचा एक. स्टाफ ग्रुपवर टाक, चारी शाखांना दिसू दे.” मी बाहेर गेलो. अंगणात वाकून फोटो काढले. तिच्या बोटांच्या कमानी उन्हात छान आल्या होत्या. या वेळी मी ग्रुपचं नाव दोनदा वाचलं आणि मगच टाकले. खात रोडवाल्यांचं लगेच उत्तर आलं, नाक धरलेला चेहरा. त्यानंतर अड्याळवाल्यांचा, लाखनीवाल्यांचा.

“आजपासून बंद,” साहेबांनी तिला सांगितलं.

“दिवस भरू काय?”

“भर.”

साहेब आल्या वाटेने परत गेले. तिने ठशांची दुसरी रांग पुसली, फडकं पिळलं, बादली उलटी घातली. निर्मलाबाई साखर घेऊन बाहेर पडताना म्हणाल्या, “शकुंतला, आज कोण आलं होतं गं बुटासकट?”

“नागपूरचे साहेब जी.”

“त्याले कोनी सांगतलं नाई काय?”

“नाई जी.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नेमलेल्या सफाई ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी फावड्यांनी अंगण खरवडलं. दुपारच्या पहिल्या ट्रकाला माती उठली. आम्ही तोंडं फिरवली. चपला पुन्हा पायांत गेल्या. ठेकेदाराने दुसरी बाई दिली, पुढच्या तपासणीत एकोणचाळीस गुण पडले आणि कोणाला काढलं नाही, कारण ठेकेदार खानझोडे साहेबांच्या ओळखीचा होता. पेव्हर आले नाहीत. फोटो स्वच्छ काढतो म्हणून माझी मात्र खात रोडला बदली झाली, सोबत पगारात दोन हजारांची वाढ. तिथे मी गिऱ्हाइकांच्या दारातून आत जातो. गार्ड सलाम करतो.

तीनेक महिन्यांनी मी शहापूरवरून येत होतो. हायवेच्या कडेला, नालीच्या अलीकडे, शकुंतलाबाई बसलेली. पुढे टोपलं, त्यावर ओलं पोतं, बाजूला पाट आणि विळा. गाडी वळवावी असं मनात आलं होतं, पण तिने पाहिलं होतं.

“कोन, अनुपबाबू काय? खात रोडवर हाये म्हनते तुमी.”

आधी ती मला तू म्हणायची.

“हो मावशी. तुम्ही कशा आहात?”

“हाये. रोहू घ्या, सकाऊनचा हाये. तुलाराम आत्ताच देऊन गेला.”

किलोभराचा निघाला. दोनशे रुपये. मी म्हटलं, “साफ करून द्या, घरी आईला जमत नाही.” तिने पाटावर पाणी मारलं, खवले काढले, पोट फाडून आतलं सगळं बाजूच्या डबीत टाकलं, पाण्याने तीनदा धुतलं. तुकडे पिशवीत घातल्यावर पाट पुसला, विळा पुसला, पाटाखालची जमीनही हाताने निपटली. एक खवला माझ्या बुटावर उडाला होता, तोही तिने पदराच्या टोकाने टिपून घेतला. मी पाय मागे घ्यायला हवा होता.

मग हात धुऊन, मी बघत नाही असं समजून, तिने ते नाकाशी नेले.

मी दोनशेची नोट दिली.

“मासोळीचे झाले,” ती म्हणाली. “साफ कराचे वीस राहिले.”

खिशात पाचशेची होती. तिच्याकडे सुटे नव्हते. मोबाइलवर पाठवू म्हटलं तर तिच्याकडे ते नव्हतं.

“राहू द्या. याल तेव्हा देजा. सात-आठ किलोमीटर तं हाये.”

मी म्हटलं, रविवारी देतो. त्या रविवारी गेलो नाही. पुढच्या रविवारी निघालो, पण उलट, लाखनीच्या बाजूने. ते वीस रुपये अजून माझ्याकडेच आहेत.